अडीच फुटांची गाडी

गंगापूर रोडवरच्या आमच्या घरात आठवडाभर जेवणाच्या टेबलावर भारताचा नकाशा पसरलाय. ताटं मांडीवर आली आहेत. नऊ वर्षांच्या नातवाला दिवाळीच्या सुट्टीत फक्त आगगाड्या बघायच्या आहेत. मुलगा म्हणतो, दिल्लीला जातोच आहोत तर दोन दिवस आग्रा घालू. मी नातवाच्या बाजूने. पोराचा जीव इंजिनात अडकलेला असताना त्याला ताजमहालापुढे रांगेत उभं करून काय हशील?

गणित तारखांचं आहे. आरक्षण आता साठच दिवस आधी सुरू होतं, आणि चाणक्यपुरीचं रेल्वे संग्रहालय सोमवारी बंद. म्हणून दिल्ली रविवारी, मग कालका-सिमला, तिथून थेट दार्जिलिंग, येताना नागपूरचं नॅरोगेज संग्रहालय. सामान माणशी एक पिशवी, एवढीच माझी अट.

परवा त्याने विचारलं, "आबा, सिमल्याची गाडी अडीच फुटांची म्हणजे केवढी?" मी पट्टीने टेबलावर 762 मिलिमीटरच्या दोन खुणा केल्या आणि तिथेच अडकलो. आमची पीजे एवढीच होती!

पाचोरा-जामनेर. आजोळ शेंदुर्णीचं, त्यामुळे सुट्टी सुरू व्हायची ती पाचोऱ्याच्या फलाटावर. पहूरला गाडी सुटली तरी मामा निवांत पान लावून घ्यायचा आणि मग चार ढांगा टाकून डब्यात चढायचा. छपन्न किलोमीटरची ही गाडी 2020 मध्ये थांबली ती थांबलीच. तिथे ब्रॉडगेज करायचं ठरलं.

ब्रॉडगेज हवंच. जामनेरच्या माणसाला जळगावला दवाखान्यात जायचं असतं, त्याला माझ्या आठवणींशी काय देणंघेणं? पण कालका-सिमल्याला 2008 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तो मुख्यतः डोंगर आणि बोगद्यांमुळे. आपली गाडी कपाशीच्या सपाट रानातून जायची, म्हणून ती वारसा नाही? पाचोऱ्याला एक इंजिन, दोन डबे आणि अर्धा किलोमीटर जुना रूळ चालता ठेवायला काय हरकत आहे? शाळेच्या सहली येतील, तिकीट काढून बसतील. नुसतं रंगवून चौथऱ्यावर उभं केलेलं इंजिन मुलं दोन मिनिटांत बघून मोकळी होतात.

नातवाने नकाशावर पाचोऱ्याभोवती पेन्सिलीने गोल काढला. "इथे कधी जायचं?" नाशिकरोडहून तीनेक तासांची वाट. मुलगा म्हणाला, "तिथे उतरून बघणार काय?"

गोल मी अजून खोडलेला नाही.