पेटींतील पाणी आणि घरांतील माणसें

गेल्या महिन्यांत आमच्या एका जुन्या वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांच्या एकत्र कुटुंबांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. नातवाची मुंज झाली तेव्हां त्याच्या मामानें त्याला कांचेची मत्स्यपेटी व बारा मासे भेट दिले. दहाव्या दिवसापर्यंत बारांपैकीं नऊ मासे मेले. उरलेले तीन त्यापुढील दोन दिवसांत गेले. मुलानें कोणाशींहि न बोलतां पेटी धुवून पुसून माळ्यावर टाकली. आतां तो म्हणतो, 'मींच त्यांना मारलें.' त्यांतच घरांतील एका वडील माणसानें, 'मुक्या प्राण्यांना कोंडण्याचें पाप असेंच फळतें,' असें त्याच्या देखत म्हटलें, आणि मुलानें दोन दिवस नीट जेवणहि केलें नाहीं. 'पाणी आम्ही दररोज बदलीत होतों, खाणेंहि भरपूर घालीत होतों. मग चुकलें कोठें?' असें आजीबाईंनीं विचारलें आहे.

पत्र वाचून आम्हांस त्या मुलाविषयीं वाईट वाटलें, आणि थोडी लाजहि वाटली. कारण पंधरा वर्षांपूर्वीं हाच अपराध आमच्या हातून घडला होता. आमच्या नातीस कोणीसा एक गोल्डफिश वाटोळ्या कांचपात्रांत घालून आणून दिला. आम्हीं रोज सकाळीं स्नान झाल्यावर मासा वाटींत काढावा, तें पात्र नळाखालीं धरून देवाच्या उपकरणांप्रमाणें लख्ख घासावें, नवें पाणी भरावें आणि मासा पुन्हां आंत सोडावा. एकोणिसाव्या दिवशीं तो कुशीवर तरंगूं लागला. नात तेव्हां पांच वर्षांची होती. तिनें विचारलें, 'आजोबा, तुम्ही तर मास्तर होतां ना?' या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. पुढें आम्हीं थोडें वाचलें, जाणत्यांस विचारलें, आणखी दोनचार चुका केल्या. आणि आज आमच्या पडवींत जी पेटी आहे ती नऊ वर्षें चाललेली आहे. तेव्हां पुढील मजकूर एका ठेच लागलेल्या माणसाचा म्हणून वाचावा.

मासा पाण्यांतच श्वास घेतो, पाण्यांतच खातो आणि पाण्यांतच मलविसर्जन करतो. त्याच्या कल्ल्यांवाटेहि अमोनिया नांवाचा विषारी पदार्थ सारखा पाण्यांत उतरत असतो; न खाल्लेलें अन्न कुजलें म्हणजे त्यांत भर पडते. नदींत हें विष विरून जातें. पेटींत तें जाणार कोठें? येथें निसर्गानें एक सोय करून ठेवलेली आहे. डोळ्यांस न दिसणारे कांहीं जीवाणु या अमोनियाचें नायट्राइट करतात, व दुसरे कांहीं त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांस घातक आहेत. तिसरा पुष्कळ सौम्य असून तो वनस्पतींचें खाद्य होय. विनोग्रॅड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास हे जीवाणु वेगळे काढून दाखविले. ते वाळूवर, कांचेवर, पानांवर, आणि विशेषेंकरून फिल्टरमधील स्पंजांत वस्ती करतात. मात्र ही वस्ती एका रात्रींत होत नाहीं. नव्या पेटींत तिला साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

आतां आजीबाईंचा प्रश्न घेऊं. पेटी नवी, मासे पहिल्याच दिवशीं बारा, आणि रोज सकाळीं सर्व पाणी काढून वाळू नळाखालीं धुण्याचा क्रम. जीवाणूंस बिऱ्हाड मांडण्यास अवसरच मिळाला नाहीं. त्यांच्यासाठीं ती पेटी रोज नवीच होती. शिवाय नगरपालिकेच्या पाण्यांत रोगजंतु मारण्यासाठीं क्लोरीन असतें. आपणांस तें हितकर, पण माशांच्या नाजूक कल्ल्यांस तें भाजून काढतें. दिवसभर विपुल खाण्याचा मळ, आणि सकाळीं क्लोरीनचा व गार पाण्याचा आघात. एवढें होऊनहि तीन मासे दहा दिवस तगले याचेंच आम्हांस नवल वाटतें. त्या मुलानें निष्काळजीपणा केला नाहीं. काळजी घ्यावयाची म्हणून जें जें त्याला ठाऊक होतें तें त्यानें नेमानें केलें. हें त्याला स्पष्ट शब्दांत सांगावें.

आपल्या घरांत शुचितेची कल्पना घासण्याशीं जोडलेली आहे. ताम्हनास ती योग्य, पेटीस नाहीं. पेटींतील वाळूवर जो किंचित् बुळबुळीत थर येतो तोच तिचा प्राण. आठवड्यांतून एकदां चौथा हिस्सा पाणी रबरी नळीनें वाळूच्या तळापासून ओढून काढावें, म्हणजे सांचलेला गाळ त्याबरोबर निघून जातो; आणि तितकेंच शिळें पाणी हळूहळू आंत सोडावें. शिळें म्हणजे उघड्या भांड्यांत चोवीस तास ठेवलेलें. तेवढ्यांत क्लोरीन उडून जातें. कांहीं शहरांत क्लोरीनऐवजीं क्लोरामाइन वापरतात, तें मात्र असें उडत नाहीं. त्यासाठीं दुकानांत मिळणारे थेंब घालावे लागतात. साध्या थेंबांत बहुधा सोडियम थायोसल्फेट असतें. जुने छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत तेंच हें. फिल्टरचा स्पंज नळाखालीं कधींहि धुवूं नये. पेटींतून काढलेल्या पाण्यांतच तो दोनदां पिळावा. काढलेलें पाणी तुळशीस घालावें. आमची तुळस या पाण्यावर जशी वाढली आहे तशी पूर्वीं कधीं वाढली नव्हती.

खाण्याचा विषय एकत्र कुटुंबांत अधिक बिकट आहे. एकट्यादुकट्याच्या घरांत मासे उपासमारीनें मरतील. आपल्या घरांत ते प्रेमानें मरतात. सकाळीं मुलगा शाळेस जातांना चिमूटभर घालतो. काका कचेरींत जातांना पाहतात तों मासे कांचेशीं येऊन तोंडें उघडीत आहेत. त्यांना दया येते. दुपारीं काकू, तिसऱ्या प्रहरीं धाकटीं मुलें, आणि संध्याकाळीं आजोबा, 'आज कोणी घातलें कीं नाहीं कोण जाणे,' म्हणून आणखी एक चिमूट. मासा माणूस दिसलें कीं तोंड उघडतो. ती त्याची संवय आहे, भुकेची खूण नव्हे. दिवसांतून एकदां, फार तर दोनदां, आणि दोन मिनिटांत जेवढें संपेल तेवढेंच घालावें. आमच्या घरीं आम्हीं खाण्याची डबी देवघरांतील फडताळांत ठेवली आहे, आणि ती उघडण्याचा अधिकार एकाच माणसाकडे दिला आहे. शिवाय आमच्या पेटींत एकादशी पाळली जाते. निरोगी मोठा मासा चारपांच दिवस उपाशी राहिला तरी त्यास कांहीं होत नाहीं, मग पंधरवड्यांतून एक दिवस काय? आमच्या सुनेनें यावर म्हटलें, 'निदान त्यांचा उपास खरा तरी होतो. साबुदाणा नाहीं, कीं बटाटा नाहीं.' तिच्या बोलण्याचा रोख कोणाकडे होता हें आम्हीं मुद्दाम विचारलें नाहीं.

पेटी केवढी असावी याविषयीं सर्वांत जुना उपदेश आपल्याच ग्रंथांत आहे. शतपथ ब्राह्मणांत मनूच्या ओंजळींत प्रातःकाळीं एक लहानगा मासा येतो, आणि मला पाळ म्हणतो. कसें पाळूं, असें मनूनें विचारल्यावर तो क्रमानें सांगतो: प्रथम कुंभांत ठेव, त्यांत मावेनासा झालों म्हणजे खड्डा खणून त्यांत ठेव, त्यांतहि मावेनासा झालों म्हणजे समुद्रांत नेऊन सोड. ही कथा आम्हीं वर्गांत कित्येक वर्षें शिकविली. पण ज्या दिवशीं वाटोळ्या पात्रांत गोल्डफिश ठेवला त्या दिवशीं ती आम्हांस आठवली नाहीं. दुकानांत दोन बोटांएवढा दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, आणि दहा वर्षांहून अधिक जगूं शकतो. त्याला वाटोळें पात्र म्हणजे कायमची कुंभी. शिवाय प्राणवायु पाण्यांत वरच्या पृष्ठभागांतूनच शिरतो. म्हणून उंच व अरुंद पेटीपेक्षां लांब व उथळ पेटी केव्हांहि बरी.

नवशिक्यानें साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी घ्यावी. तींत चोपन्न लिटर पाणी मावतें; म्हणजे पाण्याचेंच वजन चोपन्न किलो, वर वाळू व कांच निराळी. तेव्हां ती डळमळीत तिपाईवर मांडूं नये, व खिडकींतील उन्हांतहि ठेवूं नये. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० मध्यें आपला प्रयोग प्रसिद्ध केला, त्यांतील कांचपात्रहि सुमारें बारा गॅलनचें, म्हणजे बहुतेक याच मापाचें होतें. त्यानें त्यांत दोनच गोल्डफिश व व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पति ठेवली. प्रथम सर्व ठीक चाललें. पुढें जुनीं पानें कुजून पाणी गढूळ झालें. मग त्यानें तळ्यांतील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाल्लीं आणि पाणी पुन्हां निवळलें. घरांतल्या मत्स्यपेटीचें शास्त्र येथून सुरू झालें असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्या विद्वानाचेंहि पाणी एकदां बिघडलेंच होतें, हें त्या मुलास जरूर सांगावें.

पहिले मासे म्हणून आम्ही गप्पी सुचवितों. ते काटक असतात, स्वस्त असतात, आणि अंडीं न घालतां जिवंत पिलें देतात. हा सोहळा पाहून घरांतील मुलें दोन दिवस जाग्यावरून हलत नाहींत. मात्र पिलें फार होतात, आणि आईबाप त्यांना खातातहि. हें मुलांस आधींच सांगून ठेवावें. वाढलेले मासे नदींत किंवा विहिरींत कदापि सोडूं नयेत. हौशी लोकांनीं सोडलेल्या परक्या माशांनीं आपल्या देशांतील कित्येक जलाशयांत उच्छाद मांडला आहे. गोल्डफिशला थंड पाणी मानवतें व गप्पीस उबदार, म्हणून त्यांची एक पेटी करूं नये. वीज गेली आणि मासे पृष्ठभागीं येऊन धापा टाकूं लागले तर पेला भरून पाणी वीतभर उंचीवरून परत पेटींत ओतीत बसावें. हें काम लहान मुलें आनंदानें करतात.

राहिला पापाचा प्रश्न. तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आमच्या घरींहि सौभाग्यवतींचें मत असेंच आहे, आणि नऊ वर्षांत तें बदललेलें नाहीं. महाडजवळ काळ नदीच्या पात्रांत वाळणकोंड म्हणून डोह आहे. तेथील मोठमोठे मासे वरदायिनी देवीचे म्हणून कोणी धरीत नाहीं. भाविक त्यांना खाणें घालतात. सौभाग्यवतींचें म्हणणें, माशांवर प्रेम करावयाचें तर असें करावें. खाणें घालावें आणि घरीं यावें. यावर आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. गप्पींच्या कित्येक पिढ्या माणसाच्या हौदांत वाढलेल्या आहेत, त्यांना नदी ठाऊक नाहीं, असें आम्ही म्हणतों. त्या म्हणतात, ठाऊक नाहीं हें कोणामुळें? एवढें मात्र खरें, कीं वाटोळ्या पात्रांतील आमच्या गोल्डफिशच्या बाबतींत त्यांचें बोलणें अक्षरशः बरोबर होतें. ज्या घरांत आठवड्याचा अर्धा तास कोणास सवड नाहीं त्या घरांत पेटी आणूं नये, असेंच आम्हीहि म्हणूं.

परंतु त्या वडील गृहस्थांनीं जें म्हटलें तें मुलाच्या देखत म्हणावयास नको होतें. बारा वर्षांच्या आंतील मुलाच्या मनावर बारा जिवांचा भार ठेवून आपण पूजेस बसणें हें बरें दिसत नाहीं. आमची आजीबाईंस सूचना अशी, कीं पेटी पुन्हां मांडलीत तर खाण्याची डबी याच गृहस्थांच्या स्वाधीन करावी. ज्याला माशांची दया येते त्याच्या हातून चिमूट मोजून पडेल, आणि बाकीचे दहा हात आपोआप आवरतील. मुलानें व त्यांनीं मिळून रोज संध्याकाळीं पेटीपुढें पांच मिनिटें बसावें.

मांडण्याचा क्रम असा. माळ्यावरून पेटी काढून प्रथम पडवींत एक रात्र पाण्यानें भरून ठेवावी, म्हणजे सांध्यांतून गळते कीं काय तें कळेल. मग वाळू, वनस्पति, फिल्टर, शिळें पाणी. त्यानंतर चार आठवडे एकहि मासा आणूं नये. या काळांत रोज खाण्याची एक बारीकशी चिमूट रिकाम्या पेटींतच टाकावी, म्हणजे जीवाणूंस खाद्य मिळेल. दुकानांत अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे थेंब मिळतात. पाण्यांत ते घालून कोणता रंग येतो हें मुलानें वहींत तारीखवार लिहावें. दोन्हींचें प्रमाण शून्य दिसूं लागलें म्हणजे तीनच मासे आणावेत. पिशवी वीस मिनिटें पेटींत तरंगत ठेवावी, मग थोडें थोडें पेटींतील पाणी तींत घालीत जावें, आणि शेवटीं मासे जाळीनें आंत सोडावेत. पिशवींतलें पाणी आंत ओतूं नये. पुढचे मासे तीन आठवड्यांनीं.

आमच्या पेटींत सध्यां गप्पींचीं सोळा पिलें आहेत. चार आठवड्यांनीं तीं प्रवासाइतकीं मोठीं होतील. मुलाची वही भरली कीं त्यानें स्वतःच्या हातानें आम्हांस एक कार्ड टाकावें.