न्यायमूर्तींना नजराणा, आम्हाला तारीख

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण कुणी काढली असेल? ज्याच्याकडे दुसऱ्या पायऱ्या होत्या त्यानेच. पाटलाचा वाडा, आमदाराचा बंगला, कारखान्याच्या चेअरमनची खोली. त्याचं काम तिथंच चहाच्या कपाबरोबर उरकतं. नांदेड-लातूरकडच्या आपल्या माणसाला यातली एकही पायरी नाही. ठाण्यात फिर्याद घेत नाहीत, तहसीलदार 'उद्या या' म्हणतो, गावात बोलावं तर पाणी बंद, दळण बंद. मग घरातलं किडूकमिडूक विकून तो अडीचशे किलोमीटरवरच्या औरंगाबाद खंडपीठाची वाट धरतो. १९८१ पर्यंत तर त्याला मुंबईच गाठावी लागत होती. त्याच्यापाशी असतं काय? एक वकीलपत्र आणि एक भरवसा, की वर बसलेला माणूस कुणाचा मिंधा नाही.

परभणीचंच घ्या. १० डिसेंबर २०२४ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग पोलिसांची धरपकड. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचं शिक्षण घेणारा पस्तिशीतला तरुण १५ डिसेंबरला कोठडीत मेला. सरकार एफ. आय. आर. करायला तयार नव्हतं. ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठानं एफ. आय. आर. नोंदवण्याचा हुकूम केला आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. त्या आईला त्या दिवशी दुसरं कोणतं दार होतं? कोणतंच नव्हतं.

म्हणून उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीनं कुणाकडून काय घेतलं, हा मलबार हिलवरच्या सभ्य लोकांच्या गप्पांचा विषय नाही. तो आपला विषय आहे. धनदांडगा कोर्टात हरला तरी त्याचा कारखाना, त्याची बँक, त्याचा आमदार शाबूत राहतो. आपण हरलो की संपलो. न्यायमूर्तीचा हात बरबटला तर पहिला बळी आपला जातो.

मराठवाड्याला नजराणा नवा नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. त्याच्यापुढे जायचं तर हातात नजर घेऊन जायचं, सोन्याची अश्रफी, चांदीचे रुपये. रिकाम्या हाताच्या माणसाला दरबार नव्हता. तीच रीत जहागीरदारापासून गावच्या पाटलापर्यंत खाली झिरपलेली. दौऱ्यावर साहेब आला की कोंबडी-अंड्यांची ताटं जायची आणि ओझी वाहायला आपली माणसं. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये कचेऱ्यांतली आणि कोर्टांतली ही लूट मांडून ठेवली. निजाम गेला, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या. संविधान आलं आणि त्यानं सांगितलं, इथून पुढं रिकाम्या हाताचा माणूसही आत येईल. पण भाषा कुणी बदलली? अजून आपण 'न्यायमूर्ती' म्हणतो. मूर्ती म्हटली की नैवेद्य आला, नैवेद्य आला की मूर्तीला जाब विचारायची सोय राहिली नाही.

आता मुंबई उच्च न्यायालयाचं प्रकरण बघा. १९९५ साली ए. एम. भट्टाचार्जी हे तिथले मुख्य न्यायाधीश होते. मुस्लिम कायदा आणि संविधान या विषयावरच्या त्यांच्या पुस्तकाचे परदेशातले हक्क लंडनच्या एका प्रकाशनानं दोन वर्षांसाठी घेतले. मोबदला ८०,००० डॉलर. म्हणजे त्या वेळच्या दरानं पंचवीस लाख रुपयांच्या घरात. दुसऱ्या एका पुस्तकासाठी आणखी ७५,००० डॉलरची बोलणी चालू होती. कायद्याच्या पुस्तकाला कोण देतो एवढे पैसे? असा सवाल बॉम्बे बार असोसिएशनच्या वकिलांनी केला आणि राजीनामा मागितला. ही रॉयल्टी आहे, असं मुख्य न्यायाधीशांचं म्हणणं. एप्रिल १९९५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

पैसे कशाचे होते? पुस्तकाचे की आणखी कशाचे? जाहीर चौकशी होऊन याचा निकाल कधी लागलाच नाही. दोषी असतील तर शिक्षा नाही. निर्दोष असतील तर त्यांच्या नावावरचा डाग पुसला नाही. तीस वर्षं झाली. अंधारात भानगड मिटवण्याची ही रीत प्रामाणिक न्यायाधीशालाही मारते, हे न्यायालयाच्या अब्रूची काळजी वाहणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची. वकिलांनी असा दबाव आणावा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ५ सप्टेंबर १९९५ ला निकाल आला: वकील संघटनेनं ठराव-बिराव करू नयेत. उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाविरुद्ध काही पुरावा असेल तर तो संघटनेच्या अध्यक्षानं भारताच्या सरन्यायाधीशांपुढं ठेवावा आणि थांबावं. म्हणजे बिरादरीतली भांडणं बिरादरीत. जातपंचायत तरी दुसरं काय सांगते? ज्या दोघांनी हा निकाल दिला त्यांत के. रामस्वामी हे दलित न्यायमूर्ती होते. आपला माणूस वर बसला की सगळं आपोआप सुधारतं, या भाबडेपणातून आपण बाहेर यावं म्हणून हे सांगतो.

७ मे १९९७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी एकत्र बसून स्वतःसाठी सोळा कलमांची आचारसंहिता केली. त्यात म्हटलंय, न्यायाधीशानं कुटुंबीय, जवळचे नातेवाईक आणि मित्र सोडून कुणाकडून भेट किंवा पाहुणचार घेऊ नये. ठीक. पण मित्र कोण? बिल्डर मित्र असू शकतो, कारखानदार मित्र असू शकतो. ऊसतोड कामगार न्यायमूर्तीचा मित्र असल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? 'मित्र' हा शब्द वरवर साधा दिसतो, पण मैत्री जातीतून, क्लबातून, कॉलेजातून, सोयरिकीतून होते. आपल्या देशात मैत्रीलाही जात आहे. ज्या दारातून भेटवस्तू आत येते ते दार आपल्यासाठी आधीपासूनच बंद आहे. याच संहितेत आणखी एक कलम आहे: न्यायाधीशानं धंदा-व्यापार करू नये, मात्र कायद्याचा ग्रंथ प्रसिद्ध करणं हा धंदा समजला जाणार नाही! मुंबईतल्या पुस्तकाच्या प्रकरणाला तेव्हा पुरती दोन वर्षं झाली होती. ग्रंथ लिहा, जरूर लिहा. पण किती मोबदला घ्यावा, कुणाकडून घ्यावा, कुठं जाहीर करावा, याबद्दल तिथं चकार शब्द नाही. आणि संहिता मोडली तर? शिक्षा लिहिलेलीच नाही.

आता खाली या. नांदेड किंवा लातूरच्या एखाद्या सज्जाचा तलाठी सात-बाऱ्यासाठी पाचशे रुपये घेतो. लाचलुचपतवाले पावडर लावलेल्या नोटा पाठवतात, हात धुतले की पाणी गुलाबी होतं. अठ्ठेचाळीस तास कोठडीत राहिला की नोकरीतून निलंबित. पैसे घेतल्याचं सिद्ध झालं की ते लाच म्हणूनच घेतले, असं कोर्ट कायद्यानं गृहीत धरतं. नाही हे त्यानं दाखवून द्यायचं. चांगला कायदा आहे, तलाठ्याची कणव आम्हाला नाही. १९९१ च्या वीरास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलं, की उच्च न्यायालयाचा न्यायाधीशसुद्धा याच कायद्याखालचा लोकसेवक आहे. पण त्याच निकालात कुलूप घातलं: सरन्यायाधीशांचा सल्ला घेतल्याशिवाय त्याच्यावर गुन्हा नोंदवायचा नाही. कायदा एक, कुलूप एकालाच. २७ जानेवारी २०२५ ला लोकपालांनी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात असं म्हटलं, तर २० फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. ज्यांचा प्रश्न, त्यांचाच निवाडा.

या कुलपानं काय साधलं? व्ही. रामस्वामी यांनी पंजाब-हरियाणाचे मुख्य न्यायाधीश असताना सरकारी बंगल्यावर केलेल्या उधळपट्टीची चौकशी न्या. पी. बी. सावंत यांच्या समितीनं केली. चौदापैकी अकरा आरोप सिद्ध धरले. ११ मे १९९३ ला लोकसभेत १९६ जणांनी त्यांना काढा म्हटलं, विरोधात एकही मत नाही, पण काँग्रेसवाले आणि त्यांचे साथी मिळून २०५ जण तटस्थ बसले. ठराव पडला. न्यायाधीश खुर्चीत राहिले. ऑगस्ट २००८ मध्ये चंदीगडला पंधरा लाखांची पिशवी एका न्यायमूर्तींच्या दारात आली. त्यांनी पोलिसांना कळवलं. पैसे निर्मल यादव या दुसऱ्या न्यायमूर्तींसाठी होते असा आरोप झाला. खटला इतका लांबला की निकाल मार्च २०२५ मध्ये लागला, निर्दोष. सतरा वर्षं! १४ मार्च २०२५ ला दिल्लीत न्या. यशवंत वर्मा यांच्या सरकारी निवासस्थानी आग लागली आणि जळक्या नोटा सापडल्याचं देशानं पाहिलं. त्यांनी आरोप नाकारला. १२ ऑगस्टला लोकसभेच्या अध्यक्षांनी चौकशी समिती नेमली, तोवर एफ. आय. आर. नव्हता. एखाद्या भीमनगरातल्या पोराच्या खोलीत जळकी नोटांची पोती सापडली असती तर?

आणि भेट म्हणजे पाकीटच असं थोडंच आहे? आपल्या जुन्या राजधानीत, हैदराबादेत, आमदार, खासदार, सनदी अधिकारी, पत्रकार आणि न्यायाधीश यांच्या गृहनिर्माण संस्थांना सरकारनं मोक्याच्या जमिनी मूळ किमतीत दिल्या. २५ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ते वाटप समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केलं. त्यासाठी वर्षानुवर्षं कज्जा चालला. आता आपल्या गायरानाकडे बघा. दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीन सत्याग्रहात माणसं तुरुंगात गेली. १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. तरी कंधार, मुखेड, औसा, निलंग्याकडे आपली माणसं सात-बाऱ्यावर नाव लागायची वाट बघत म्हातारी झाली. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयानं गायरानावरच्या अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली आणि गावोगाव नोटिसा पोचल्या. भूमिहीनाचं ते अतिक्रमण, साहेबाचं ते वाटप. जमिनीचा हा निवाडा जो माणूस करणार, त्याला जमीन कुणी दिली, कितीला दिली, हे विचारायचा हक्क आपल्याला नाही?

यावर काही मित्र म्हणतात, न्यायसंस्था हा एकच आधार उरलाय, तिच्यावर दगड मारू नका, राज्यकर्त्यांना तेच हवंय. या बोलण्यात तथ्य आहे. न्यायाधीशांचं दावं सरकारच्या हातात द्यायचं, असं आम्ही म्हणत नाही. मंत्र्याच्या हातात दावं गेलं तर परभणीसारखा हुकूम उद्या निघणार नाही. पण सरकारपासून स्वतंत्र असणं वेगळं आणि जनतेपासून लपून राहणं वेगळं. बाबासाहेबांनी २४ मे १९४९ ला संविधान सभेत नेमणुकांच्या चर्चेत बजावलं होतं, की सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो माणूसच आहे, त्याला सामान्य माणसाचेच दोष आणि पूर्वग्रह असतात. म्हणून शेवटचा अधिकार एकट्याच्या हाती देऊ नका. आम्ही याच्या पुढं एक अक्षर जास्त बोलत नाही.

ही बिरादरी कुणाची आहे तेही मोजून बघा. सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०१८ ते जुलै २०२३ पर्यंत उच्च न्यायालयांत ६०४ न्यायाधीश नेमले गेले. त्यांत अनुसूचित जातींचे १८, जमातींचे ९. खुल्या वर्गातले ४५८. चौकशी करणारे तेच, ज्यांची चौकशी व्हायची ते त्यांचेच मित्र, भेटी देणारेही त्यांच्याच पंगतीतले. भूषण गवई सरन्यायाधीश झाले, निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. चांगलं केलं. पण न्यायाधीशाचं स्वच्छ असणं त्याच्या मनाच्या चांगुलपणावर का सोडायचं? तलाठ्याचं सोडता का?

मागण्या सरळ आहेत. एक, १९९७ ची संहिता कायद्यात आणा, 'मित्र' कोण ते लिहा, मोडली तर शिक्षा ठेवा. दोन, ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या बाईला मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानंही आपल्या ३३ पैकी २१ न्यायाधीशांची मालमत्ता जाहीर केली. मग उच्च न्यायालयाच्या प्रत्येक न्यायाधीशाची मालमत्ता, भेटी, मानधन आणि रॉयल्टी दरवर्षी जाहीर करायची सक्ती करा. तीन, राजीनामा दिला की चौकशी बंद आणि पेन्शन चालू, हा खेळ थांबवा. चार, चौकशीचं मंडळ कायमचं, स्वतंत्र करा आणि त्यात दलित, आदिवासी आणि स्त्रिया असल्याच पाहिजेत.

हे वरून मिळणार नाही. नांदेड-लातूरच्या लॉ कॉलेजांत आपली पोरं-पोरी शिकताहेत. त्यांनी माहितीच्या अधिकाराचे अर्ज उच्च न्यायालयात टाकावेत. १३ नोव्हेंबर २०१९ च्या निकालानं सरन्यायाधीशांचं कार्यालयसुद्धा या कायद्याखाली आलंय. एक अर्ज फेटाळतील, दुसरा टाका. बेअदबीच्या भीतीनं गप्प बसू नका, पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नका आणि पुरावा असेल तर कुणाच्या बापाला भिऊ नका. न्याय फुकट मिळावा म्हणून आपण भांडत नाही, त्याची किंमत आपण गावोगाव रक्तानं मोजली आहे. आता ज्यांच्या हातात तराजू आहे त्यांनी हात उघडून दाखवावेत.

जय भीम.