बुजलेला हौद उकरायचा का?

दोस्तहो,

पुण्यात रिक्षावाल्याला 'फडके हौद' म्हणा, बरोबर नेऊन सोडील. पण उतरल्यावर त्याला विचारा, बाबा, हौद कुठाय? बहुतेकांना सांगता यायचं नाही. काळा हौद, नाना हौद, पंचहौद, बाहुलीचा हौद. नावं जित्ती आहेत, पाणी मेलंय. घरोघर नळ आला, हौदाची गरज संपली, मग कुणी बुजवला, कुणी कचऱ्यानं भरला, कुणावर रस्ता चढला.

आता शहरात नवी टूम आहे. रविवारी सकाळी कॅमेरे गळ्यात अडकवून हेरिटेज वॉक निघतो. पेशवाईचं पाणी कुठून यायचं ते दाखवतात, हळहळतात, आणि म्हणतात, हे हौद उकरा, साफ करा, पुन्हा भरा. यावरून आपल्या पोरांत दोन तट पडलेत. एक म्हणतो, पेशव्याचा हौद गाडलाय तो गाडलेलाच राहू दे, वर आणखी दोन पाट्या माती टाका. दुसरा म्हणतो, आपल्याला काय त्याचं? उकरतील, न्हाई उकरतील. आम्हाला दोन्ही मतं मान्य नाहीत. म्हणून हा संपादकीय प्रपंच.

आधी कामाचं मोल कामाला देऊ. १७५० च्या सुमारास, नानासाहेब पेशव्याच्या काळात, कात्रजला ओढा अडवून तळं बांधलं. तिथून जमिनीखालून दगडी नळ काढला, माणूस आत चालेल एवढा. ना पंप, ना वीज. नुसत्या उतारावर पाणी शनिवारवाड्यापर्यंत आलं. वाटेत हवा खेळायला उच्छ्वास ठेवले. भाजक्या मातीच्या नळांतून पेठापेठांच्या हौदांत पाणी सोडलं. अक्कल होती, मानलंच पाहिजे. पण ही अक्कल कुणाच्या हातातली? दगड कुणी फोडला? भुयारातला गाळ कुणी उपसला? पेशव्यानं कुदळ मारली नव्हती, एवढं तर पहिलीतलं पोर पण सांगेल. ज्याच्या घामानं पाणी पुण्यात आलं, त्याचं नाव पाटीवर नाही. ते पाणी पिणाऱ्याचं आहे.

आणि पिणारे कोण होते? याच पुण्यात अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं होतं, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवलंय. ज्याची थुंकी रस्त्यावर पडलेली चालत नव्हती, त्याची घागर हौदात बुडू दिली असती? हौद पाण्याचा होता, काठ जातीचा होता. पाण्याच्या या धर्माची गंमत बघायची तर ऑक्टोबर १८९० चं पंचहौद मिशन बघा. ख्रिस्ती मिशनच्या घरी शहरातले मोठे पुढारी जमले. त्यांत रानडे होते, टिळक होते. चहा पुढं आला. कुणी प्याला, कुणी नुसता कपाला हात लावला. झालं! ग्रामण्य उठलं, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, प्रायश्चित्तं झाली. देशाचं स्वातंत्र्य मागणाऱ्यांना एक कप चहाचं स्वातंत्र्य नव्हतं. त्यांचं हे हाल, तर आमच्या आज्या-पणज्यांचं काय असेल?

म्हणून पहिल्या तटाचा संताप आम्हाला कळतो. तो आमचाही आहे. पण दोस्तहो, संतापाच्या भरात आपण एक गोष्ट विसरतोय. पुण्यातले सगळेच हौद पेशव्याचे नाहीत.

१८६८ साली गंज पेठेत जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. ठराव नाही, सभा नाही, सत्कार नाही. या, भरा, प्या. महाडच्या एकोणसाठ वर्षं आधी. आणि बुधवार पेठेतला बाहुलीचा हौद कुणाचा? डॉ. विश्राम रामजी घोले यांचा. सत्यशोधक माणूस, जोतीरावांचा सोबती आणि वैद्य. घोले रोडवरून तुम्ही रोज कॉलेजला जाता, तेच हे घोले. त्यांनी आपल्या लेकीला, काशीला, शिकवायला घेतलं. पोरगी शिकते हे नातलगांना खुपलं. लाडवातून काच कुटून घातली आणि पोर मारली, असं पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बापानं तिच्या आठवणीला हौद बांधला, त्यावर बाहुली बसवली, आणि पाणी सगळ्या जातींना खुलं ठेवलं. लेकीचा खून पचवून ज्यांनी ढेकर दिला, त्यांच्याच शहरात त्यानं तिच्या नावानं पाणी वाटलं. आज बाहुली गेली, पाणी गेलं. नुसतं नाव उरलंय, आणि नावामागची पोर कुणाला माहीत नाही.

आता सांगा, सरसकट 'बुजवा' म्हणून आपण कुणाला बुजवतोय?

बुजवणं हे मुळात आपलं हत्यारच नाही. ते मालकाचं हत्यार आहे. ज्या काळ्या भावांकडून आपल्या चळवळीनं १९७२ साली पँथर हे नाव घेतलं, त्यांच्या देशातलं बघा. अमेरिकेच्या दक्षिणेत शहराशहरांत सरकारी पोहण्याचे तलाव होते, फक्त गोऱ्यांसाठी. कोर्टानं सांगितलं, काळ्यांनाही आत घ्या. अलाबामातल्या मॉंटगोमरी शहरानं काय केलं? १९५९ साली सगळे बागबगीचेच बंद केले आणि पोहण्याचा तलाव मातीनं भरून टाकला. गोऱ्यांची पोरंही पोहायची बंद झाली, पण काळं पोर पाण्यात उतरता कामा नये. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानंही आपले तलाव बंद केले. भांडण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. १९७१ साली पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की तलाव दोघांनाही बंद आहेत, मग अन्याय कसला? मग गोऱ्यांनी खाजगी क्लब काढून आपापले तलाव बांधले. सार्वजनिक पाणी मेलं, खाजगी पाणी जगलं.

ओळखीचं वाटतंय? वाटणारच. बोले ठराव १९२३ चा. त्यावरून १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. तीन वर्षं ठराव कागदात, पाणी तळ्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली आणि ठराव खरा केला. सवर्णांनी काय केलं? घागरींनी पाणी उपसून, शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं. आणि मग कोर्टात गेले, हे चवदार तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे! हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडलं. एका ओंजळीला दहा वर्षं. महाड असो की मॉंटगोमरी, मालकाची युक्ती एकच. पाणी आपल्या हातून सुटायला लागलं की ते बुजवायचं, नाहीतर खाजगी करायचं.

म्हणून आमचं म्हणणं, हौद उकरा. पण दुसऱ्या तटानं एवढ्यात टाळ्या पिटू नयेत. 'आपल्याला काय त्याचं' म्हणणाऱ्याला या शहराचा अनुभव नाही. पुण्यात पाण्याचं 'पुनरुज्जीवन' निघालं की त्याची किंमत कोण मोजतो ते आठवा. आंबिल ओढा कात्रजकडून येतो. पेशवाईतच त्याची वाट वळवली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तो फुगला, टांगेवाला कॉलनीत भिंत पडून माणसं मेली. पुढं ओढ्याची वाट सुधारायची ठरली. आणि २४ जून २०२१ ला, ऐन पावसाळ्यात, महापालिकेनं पोलीस आणून दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतली घरं पाडायला घेतली. बाया जेसीबीपुढं आडव्या झाल्या. कोर्टाची स्थगिती आली तेव्हा काम थांबलं. ओढ्याला वाट पाहिजे, बरोबर. पण वाट नेहमी आमच्याच चुलीवरून का जाते?

आणि दुसरी गोष्ट, जी हेरिटेजवाल्याच्या कॅमेऱ्यात कधीच येत नाही. बुजलेला हौद उपसायचा म्हंजे आत उतरणार कोण? मी गोदीत काम करतो. जहाजाच्या पोटात उतरणाऱ्याला ठाऊक असतं, बंद जागा दिसते रिकामी, पण आत हवा असेलच असं नाही. वर्षानुवर्षं कुजलेल्या गाळात वायू साठतो. थोडा असेल तर सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असेल तर नाकच मरतं, वास येईनासा होतो, आणि माणूस उभ्याचा आडवा होतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. गटारात दरवर्षी आमचे भाऊ असेच मरतात. २०१३ साली कायदा झाला. २०२३ साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या म्हणून सांगितलं. मेल्यावरचा दर वाढला, उतरवणारे थांबले नाहीत. उद्या हौदाचा ठेका निघेल. ठेकेदार आणखी एका ठेकेदाराला देईल. आणि शेवटी दोरी कमरेला बांधून जो उतरेल त्याचं आडनाव काय असेल, हे सांगायला ज्योतिषी नको. पेशवाईतला हौद आम्ही खणायचा आणि लोकशाहीतला आम्हीच उपसायचा, आणि काठावर उभं राहून फोटो दुसऱ्यानं काढायचा? हे चालणार नाही.

तेव्हा उकरायचं असेल तर आमच्या अटींवर. लिहून घ्या.

एक. गाळ यंत्रानं काढायचा. आत माणूस उतरवायचाच नाही. काठावर राबणाऱ्याला महापालिकेच्या हजेरीपटावर घ्या, ठेकेदाराच्या वहीत नको.

दोन. एका हौदापायी एकही झोपडं हलवायचं नाही. आधी घर, मग वारसा.

तीन. कुंपण नको, तिकीट नको, वॉचमन नको. घटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द बाबासाहेबांनी शोभेला घातलेले नाहीत. सरकारी पैशानं भरलेलं पाणी सगळ्यांचं. उद्या कुण्या हॉटेलवाल्याला 'देखभालीसाठी' हौद दिला, तर ते महाडच्या खाजगी तळ्याचं नवं रूप समजू आणि तसंच वागू.

चार. हौदावर पाटी लावा, पण पूर्ण. कुणी बांधला हे लिहा, आणि कुणाला शिवू दिला नाही हेही लिहा. अर्धा इतिहास लिहिण्यापेक्षा कोरी पाटी बरी.

पाच, आणि ही अट सगळ्यात मोठी. सुरुवात शनिवारवाड्यापासून नको, बाहुलीच्या हौदापासून करा. आणि तिथं नुसतं कारंजं नाचवू नका, प्यायचं पाणी सोडा. कात्रजच्या तळ्यात आज सांडपाणी मिसळतं, ते नको. शहर जे धरणाचं पाणी पितं तेच आणा. बुधवार पेठेत हातगाडी ओढणारा आहे, पहाटे रस्ता झाडणारी आहे, माडीवरून उतरलेली बाई आहे. त्यांच्यासमोर पाण्याची बाटली विकत आहे. जोतीरावांनी आणि घोल्यांनी जे फुकट आणि मानानं दिलं, ते आज या शहराला जमत नसेल, तर वारसा कसला सांगता?

२०१९ साली स्वारगेटला मेट्रोचं खोदकाम चालू असताना जमिनीखाली जुना बोगदा सापडला, तेव्हा शहर बघायला धावलं होतं. कुतूहल वाईट नाही. पण जमिनीखाली काय आहे हे बघायला धावणाऱ्यांनी जमिनीवर कोण तहानलेलं आहे तेही बघावं.

दोस्तहो, पुण्याच्या नगरपालिकेत जोतीराव १८७६ पासून काही वर्षं सभासद होते. त्या सभागृहात आज आपल्या मतांवर निवडून येणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दारात जा. हात जोडून नको, ह्या पाच अटी हातात घेऊन जा. वस्तीवस्तीत सह्या घ्या. आपल्या आज्यांना विचारा, पाणी कुठून आणायच्या, कुणी हाकललं, कुणी दिलं. ते लिहून काढा आणि आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात छापू. हौद उपसायचा तर आधी ही आठवण उपसू. ती बुजलेली राहिली, तर उकरलेल्या हौदाचा काठ पुन्हा जातीचाच होईल.

जय भीम!