क्लच बसला म्हणजे प्लेट गेली असं नाही

टोमॅटोचा हंगाम आला की पिकअपच्या क्लचची दुखणी निघतात. पायडल खाली बसतं, गिअर पडेना, आणि मिस्त्री थेट गिअरबॉक्स उतरवायची भाषा करतो. भरलेले क्रेट गाडीत, रात्री वाशी गाठायची. अशा वेळी आपण काहीही कबूल करतो.

माझं म्हणणं, आधी पायडल चार-पाच वेळा भराभर दाबून बघा. मग गिअर पडला तर बहुधा लाइनमध्ये हवा आहे. प्लेट झिजली की वेगळं होतं: गिअर पडतो, इंजिन ओरडतं, पण लोड घेऊन गाडी चढ चढत नाही.

हवा शिरली म्हणजे ऑइल कुठंतरी गळतंय. पायडलजवळ ओल दिसली तर मास्टर सिलेंडर, खाली गिअरबॉक्सपाशी दिसली तर स्लेव्ह. गाडी जुनी असेल तर मी दोन्ही बदलायच्या मताचा आहे. एकाचं रबर गेलं की दुसऱ्याचा काय भरवसा?

हवा काढायला दोघं लागतात. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं निपल सैल करायचं आणि पाय उचलायच्या आत आवळायचं. निपलला सलाइनची नळी लावून टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत करत राहा. वरची डबी मध्येच रिकामी झाली तर पहिल्यापासून सुरुवात! डॉट ३ की डॉट ४ ते झाकणावर बघा. इंजिन ऑइल थेंबभरही नको, रबर फुगतं.

हे ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून कधीची फोडून ठेवलेली बाटली वापरू नका. आमच्याकडे सर्व्हिसिंग म्हणजे इंजिन ऑइल आणि वॉशिंग, क्लचची डबी कुणी उघडतही नाही. मी दर दोन वर्षांनी, लागवडीआधी बदलतो.