त्याला मत द्या, पण उधारीवर नको

दोस्तांनो, शिव्या द्यायच्या तर आत्ताच देऊन घ्या, म्हणजे पुढचं नीट वाचता येईल. येत्या लोकसभेला माझ्या वडनेर भोलजीत स्वतंत्र भारत पक्षाचा, म्हणजे शरद जोशींच्या विचाराचा माणूस मत मागायला आला, तर बौद्धवाड्यानं त्याला मत द्यावं असं माझं म्हणणं आहे.

गोदीत जेवणाच्या सुट्टीत हे बोललो तर टोळीतला एक जण डबा बंद करून उठला. खुल्या बाजारवाल्याला मत? आणि ते हमालानं? अरे, खुल्या बाजारानंच तर आपल्याला कंत्राटी केलं!

खरंय, मी कंत्राटीच आहे. सकाळी मुकादमानं बोट दाखवलं तर पोलादाच्या कॉईलला हूक लावायचा, नाही दाखवलं तर गेटवरून घरी. पण ह्याला खुला बाजार म्हणतं कोण? पास एकाच्या मर्जीचा, दर दुसऱ्याच्या मर्जीचा, आणि आपला घाम तिसऱ्याला विकायची सोय नाही. हा बाजार नव्हे. हे आपलं गावच आहे, उचलून धक्क्यावर आणून ठेवलेलं.

गाव म्हणजे जगातलं सगळ्यात जुनं परमिट-राज. कुणी काय विकायचं, कुठलं पाणी प्यायचं, कुणाशी लग्न लावायचं, मेल्यावर कुठं जाळायचं, सगळ्याचे परवाने आधीच छापलेले. आणि सरकार? सरकारनं त्या परवान्यांवर आपला शिक्का मारला. महारवतन कायद्यानंच तर बांधलेलं होतं. चोवीस तास राबायचं आणि बलुत्यासाठी दारोदार. ते बेडीबंद वतन मोडायला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. तो माणूस सरकारकडे काही मागत नव्हता. सुटका मागत होता.

आता आमचे पुस्तकी भाऊ बोट दाखवतील — बाबासाहेबांनी १९४७ ला 'राज्य आणि अल्पसंख्याक'मध्ये शेती राज्याच्या मालकीची करा असं लिहिलंय, ते वाचलंस का? वाचलंय. लपवत नाही. पण त्याच बाबासाहेबांसमोर १५ नोव्हेंबर १९४८ ला के. टी. शहांनी घटनेत 'समाजवादी' शब्द घाला अशी दुरुस्ती मांडली, तेव्हा ती त्यांनी नाकारली. समाजाची घडी कशी बसवायची ते पुढच्या लोकांनी ठरवावं, घटनेनं त्यांचे हात बांधू नयेत, असा मुद्दा होता. तो शब्द घटनेत घुसला १९७६ ला, आणीबाणीत, निम्मे विरोधक तुरुंगात असताना. १९८९ ला तर पक्षाची नोंदणी करायची असेल तर समाजवादाशी निष्ठा लिहून द्या, असा कायदाच झाला. आज बाजार समित्या खाणारे, साखर कारखाने गिळणारे, सगळे तेच लिहून देऊन बसलेत! शरद जोशी राज्यसभेत असताना ही सक्ती काढा म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

जोशींची आरती करायला मी बसलेलो नाही. २००४ ला ते शिवसेना-भाजपच्या पाठिंब्यावर राज्यसभेत गेले, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. १९८६ ला चांदवडला बायांचं एवढं मोठं अधिवेशन घेणारा हा माणूस, आणि २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षणाच्या बिलाविरुद्ध एकटा उभा राहिला. त्यांच्या संघटनेत आपला माणूस मंचावर किती आणि सतरंजी उचलायला किती, हेही मोजलं पाहिजे.

पण कापूस आठवा. १९७२ पासून एकाधिकार खरेदी. शेतकऱ्यानं कापूस सरकारलाच विकायचा, राज्याबाहेर नेला की गुन्हा. आमच्याकडून बऱ्हाणपूर हाकेवर, भाव चांगला असला तरी मध्ये नाका. माझा आजा रात्री दुसऱ्याच्या कापसाच्या गाड्या भरायचा. एकदा गाडी धरली. कापूसवाला सकाळी घरी आला. आजा चार दिवसांनी आला, पाठ सुजवून. बंदी कुणावरही असो, फटका कुणाच्या पाठीवर बसतो ते आम्हाला कुणी शिकवू नये.

म्हणून बंदी उठवा म्हणणारा माणूस मला जवळचा वाटतो. पण मग त्यानं ती सगळीकडून उठवावी. नुसती कापसावरची उठवून घरी जायचं नाही!

२०१५ ला गोवंश हत्याबंदी आली, बैलसुद्धा त्यात घातला. म्हातारा बैल विकता येईना, चामड्याचा धंदा बसला, आमच्या ताटात काय आहे ते बघायला पोलीस आले. शेतकरी संघटना ह्या कायद्याविरुद्ध बोलली. चांगलं केलं. तेच बौद्धवाड्यात उभं राहून बोल.

गायरान घे. १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या मागं भूमिहीन लाखांनी तुरुंगात गेले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करू, असं सरकारनं पुढं कागदावर लिहिलं. पुष्कळांचा तो कागद कागदच राहिला, आणि २०२२ ला उच्च न्यायालयाचा आदेश आला — गायरानं मोकळी करा. माझ्या मावशीनं दगड वेचून जमीन केली, तिच्या दाराला नोटीस. सातबारा मिळाला तरी वर्ग दोनचा, विकायचं तर कलेक्टरला विचारा. मालमत्तेचा हक्क पवित्र म्हणतोस ना बाबा? मग मावशीचा दीड एकर पवित्र आहे का तेवढं सांग. जमीन राज्याचा विषय आहे, हे मॅट्रिकपर्यंत आम्हालाही शिकवलंय. जाहीरनाम्यात लिही.

आणि दिल्लीचंच हवं असेल तर १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. आपली पोरगी-पोरगा जातीबाहेर लग्न करायला निघाले की तीस दिवस नोटीस कचेरीच्या भिंतीवर. म्हणजे नातेवाइकांना काठ्या शोधायला महिनाभर वेळ. दोन सज्ञान माणसांच्या करारात सरकारची ही नोटीस कशाला? ह्याहून स्वतंत्रतावादी प्रश्न मला माहीत नाही. अजून त्यांच्या सभेत तो ऐकलेला नाही.

एक गोष्ट मला छळते. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यात अकोली जहाँगीरला संघटनेनं बंदी मोडून तणनाशक सोसणारं कपाशीचं बियाणं जाहीर पेरलं. पाच वर्षं कैदेची भीती होती. धाडस आहे, मानलं. फोनवर मायला सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "काऊन रे, ते औषध मारलं तं निंदाले कोन बलावन? आमी काय माती खावाची?"

मायच्या प्रश्नाचं माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. बंदी असूनही ते बियाणं चोरून विकलं जातं, पेरलं जातं, म्हणजे बंदीनं मायची मजुरी वाचलेली नाही. उरलेलं अर्धं उत्तर उमेदवारानं द्यावं, मायच्या तोंडावर.

डिपॉझिट जाईल, ठाऊक आहे. १९५२ ला बाबासाहेबांनाही ह्याच मुंबईनं पाडलं. आमचा नांदुरा तालुका बुलढाणा जिल्ह्यातला, मत मात्र रावेरच्या खासदाराला. तिथं आमच्या वाड्याच्या मतांनी कुणी पडत नाही, कुणी निवडून येत नाही. म्हणून तर ती फुकटात पुढाऱ्याच्या घशात घालायची नाहीत.

उमेदवार विहाराच्या ओट्यावर येणार असेल तर तारीख कळवा. मी रात्रीची गाडी धरून नांदुऱ्याला उतरतो. दोन हजऱ्या बुडतील. मायला पुढं बसवतो.