पुस्तक फाटू द्या

१८५५ साली ‘ज्ञानोदय’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता, जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली पोर. २००९ च्या कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना शाळेचा हक्क दिला. तरी आपल्या वस्तीतलं पाचवीचं पोर दुकानाची पाटी वाचताना अडखळतं.

माझा बाप गोदीत पावतीवर अंगठा उठवायचा. मुकादम सांगेल तो आकडा खरा!

म्हणून सांगतो, जयंतीला वह्या वाटून फोटो काढणं पुरे झालं. रोज संध्याकाळी तासभर विहारात बसा. पोरांना गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवा, मग त्यांच्याकडून वाचून घ्या. पुस्तकं कपाटात कोंडू नका. घरी नेऊ द्या. फाटली तर फाटू द्या. उद्या यातलीच एखादी मुक्ता आपलाही हिशेब मागेल. मागू द्या.