लेकरू सांभाळायला दिले आहे, देऊन टाकलेले नाही



आपल्या पंढरपूर तालुक्यात ऊस, डाळिंब आणि द्राक्षांच्या जोडीने वर्दीचा पगारही बऱ्याच घरांना आधार देतो. कुणाचा मुलगा फौजेत, तर कुणाचा सीमा सुरक्षा दलात असतो. पूर्वी अशा घरातली सून गावीच राहायची, त्यामुळे नातवंडांचा प्रश्न फारसा येत नसे. आता कुठे कुठे सूनही वर्दीत आहे. केंद्रीय राखीव पोलीस दलाची पहिली महिला बटालियन १९८६ साली उभी राहिली, आणि फौजेच्या मिलिटरी पोलिसात महिला जवानांची पहिली तुकडी २०२१ साली दाखल झाली. काही घरांत सून नोकरीनिमित्त दूर असते, तर काही घरांत ती हयातच नसते. मग सरहद्दीवर बदली झाल्याचा हुकूम येतो. तिथे बायकापोरे नेता येत नाहीत. लेकरू दोन-तीन वर्षांसाठी आजीकडे, मामाकडे नाहीतर चुलत्याकडे येते.

ठेवून घ्यायला आपण मागेपुढे पाहत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांची पोरे आजीपाशी राहतात, ही रीत आपल्याला नवी नाही. घरात माया असते, पण ठरवलेले काहीच नसते. खर्च कोणी करायचा, शाळा कोणती, आजारात सही कोणाची, हे विचारायला संकोच वाटतो. मग सहा महिन्यांत कुरबूर सुरू होते आणि त्यात लेकराचे हाल होतात. अमेरिकेच्या फौजेत एकट्या पालकाला, किंवा नवराबायको दोघेही फौजेत असतील तर त्यांना, आपल्या माघारी मूल कोण सांभाळणार हे लिहून द्यावेच लागते. आपल्या घरातला तसा कागद आपणच करायचा.

सर्वांत आधी सांभाळणाऱ्या माणसाचा विचार करावा. आजीची माया कितीही असली तरी तिचे गुडघे धरलेले असतील, तर दोन वर्षांच्या पोरामागे धावणे तिला जमणार नाही. तिच्या जोडीला दुसरे माणूस आधीच नेमावे. आजी आजारी पडली तर लेकरू कुठे जाईल, हेही बोलून घ्यावे. दोन भावंडे असतील तर एक इकडे, एक तिकडे अशी ताटातूट शक्यतो करू नये.

आता कागदपत्रांचे. हिंदू घरांना लागू असलेल्या १९५६ च्या पालकत्वाच्या कायद्यात बाप हा नैसर्गिक पालक, आणि त्याच्यानंतर आई. या ‘नंतर’ शब्दावरून बायकांची अडवणूक होई. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली गीता हरिहरन यांच्या खटल्यात स्पष्ट केले, की बाप दूर असला तरी आई पालक म्हणून सही करू शकते. नवरा सरहद्दीवर असलेल्या बहिणींनी हे ध्यानात ठेवावे. आजी-आजोबा किंवा मामा मात्र कायद्याने आपोआप पालक होत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी आईबापांनी लेखी अधिकारपत्र करून द्यावे. लेकरू कोणाकडे, किती काळ राहणार, शाळेत आणि दवाखान्यात कोण सही करणार, हे त्यात लिहावे. पलटणीचा पत्ता आणि फोनही लिहावा. नोटरीकडून ते पक्के करून एक प्रत शाळेत, एक दवाखान्यात द्यावी. त्यासोबत जन्मदाखला, आधार कार्ड आणि लसीकरणाचे कार्ड एका पिशवीत ठेवावे. अडचण आली तर सोलापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. हे कार्यालय निवृत्त सैनिकांपुरते आहे असा समज आहे, पण नोकरीत असलेल्या जवानाच्या घरच्यांनीही तिथे जावे.

वर्षाच्या मध्येच शाळा बदलावी लागली तर घाबरू नये. आठवीपर्यंत सरकारी वा अनुदानित शाळेला, जुन्या शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे कलमच आहे.

पैशाचे बोलणे कमीपणाचे नाही. दूध, कपडे, वह्या, औषधे यांचा अंदाज काढून ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला, सांभाळणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यावर जावी. तिला दर वेळी हात पसरावा लागू नये. केंद्र सरकारच्या नोकरांना दोन मुलांपर्यंत शिक्षण भत्ता मिळतो. १ जानेवारी २०२४ पासून तो प्रत्येक मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे झाला आहे. मूल आजीकडे राहून गावच्या मान्यताप्राप्त शाळेत जात असले तरी तो मिळतो. मुख्याध्यापकांचा दाखला वेळेवर पाठवा, म्हणजे झाले. घरी सांभाळणारे कोणीच नसेल तर निवासी शाळा पाहावी. तिच्या खर्चासाठी महिन्याला ८,४३७ रुपये ५० पैशांपर्यंत वेगळी रक्कम मिळते. मात्र शाळा नोकरदाराच्या राहत्या घरापासून ५० किलोमीटरच्या पलीकडे असावी लागते.

आई वर्दीत असेल तर तिने बाल संगोपन रजेची चौकशी जरूर करावी. केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या दलांत सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवसांची तरतूद आहे. फौजेत अधिकारी महिलांना ३६० दिवस होती, ती सर्व दर्जाच्या महिलांना लागू करण्यास नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. लेकरू नव्या घरात रुळेपर्यंतचे पहिले दिवस आईला त्याच्यासोबत काढता आले तर फार उपयोग होतो.

आता लेकराच्या मनाचे. पंढरपुरात १८७५ पासून अनाथ मुलांचा बालकाश्रम आहे. ज्यांना कोणीच नाही त्यांनाही या गावाने आसरा दिला. फौजीच्या लेकराला तर आईबाप आहेत. तेव्हा आल्यागेल्यासमोर ‘बिचारे पोरके’ म्हणू नये. ‘त्रास दिलास तर बापाला सांगेन’ असेही धमकावू नये, नाहीतर फोन वाजला की पोर लपून बसते. आठवड्याचा ठरलेला फोन चुकवू नये. सरहद्दीवर रेंज नसली की तो चुकतोच. म्हणून आईबापांनी चार गोष्टी आधीच आपल्या आवाजात भरून ठेवाव्यात. रोजच्या शिस्तीत सांभाळणाऱ्याचा शब्द चालावा, आणि शाळा, ऑपरेशन यांसारख्या मोठ्या गोष्टी आईबापांना विचारून व्हाव्यात.

रजेवर आलेल्या बापाला लहान मूल ओळखत नाही, आजीच्या पदराआड जाते. बापाच्या जिव्हारी लागते, पण त्याने ओढाताण करू नये. दोन दिवस जवळ बसावे, जेवू घालावे, गोठ्यात घेऊन जावे. कायमचे परत नेतानाही तीच रीत ठेवावी. आधी थोडे दिवस न्यावे, मग मुक्काम वाढवावा. ज्या आजीने तीन वर्षे त्याला कुशीत झोपवले, तिचे अंथरूण त्या रात्री रिकामे होते. तिलाही फोन करावा, सुट्टीत लेकराला तिच्याकडे पाठवावे.

आपल्याकडे रजा बहुधा आषाढी नाहीतर कार्तिकी धरून काढतात. घर वारकऱ्यांनी भरलेले असते आणि हे सारे बोलणे निघायच्या दिवसावर जाते. तसे करू नका. वारीची गर्दी पांगली की दुसऱ्याच दिवशी सगळ्यांनी ओसरीवर बसा, आजीलाही स्वयंपाकघरातून बाहेर बोलवा, आणि कागद लिहायला घ्या.